दोन बोटं पाणी

पाथर्डी फाट्याजवळचं आमचं गॅरेज.
गाडीच्या जागी रंधा, करवत
आणि भुसा ओढणारं यंत्र.
गाडी बिचारी बाहेर, कडुनिंबाखाली, लिंबोळ्या झेलत.

यंत्राला मी एक पारदर्शक नळी लावली आहे,
घोड्याच्या नालेसारखी वाकवून.
आधी तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं, ते तळाशी बसलं.
मग बिटाचं, त्याला वास मारला.
आता लाल शाईचे चार थेंब.
फिल्टर मोकळा असला की दोन्हीकडचं पाणी
जवळजवळ एका रेषेत.
एक बाजू दोन बोटं चढली
की तो रविवार फिल्टरचा.
सातपूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीला होते,
मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.

शिरसाठ मिस्त्रींना नळी लागत नाही.
फाटकातून आत येतानाच म्हणाले,
"मॅडम, आवाज बारीक झालाय. दम कोंडलाय त्याचा."
पाहिलं तर पाणी
दोन बोटं, वर एक रेघ.

पंचवटीतली निम्मी दारं यांनी घडवली, असं तेच सांगतात.
नाकाला उपरण्याचं टोक,
तेही साहेब बघत असेल तर.

प्लग काढला. धूळ खाली बसू दिली.
मास्क चढवला, एक त्यांनाही दिला.
त्यांनी तो हनुवटीला लावला.
फिल्टर अंगणात आणला, वारा पाहिला:
पांडवलेण्याकडून असता तर
बोरस्तेवहिनींच्या चादरी गेल्या असत्या.

मिस्त्रींनी गादी झोडपायला उचलावा तसा हात उचलला.
"अहो, नको! फाटेल."
कागदच तो, नऊवारीच्या निऱ्यांसारखा घातलेला,
बडवून शहाणा होत नाही.
हवा आतून बाहेर सोडायची,
बेताची, वीतभर लांबून,
एकेका निरीला वेळ देत.

द्राक्षांच्या पालथ्या क्रेटवर बसून
ते उडणाऱ्या धुळीची नावं सांगू लागले.
पिवळट: "साग. जुना आहे, खिडकीचा असणार."
खिडकीचाच होता.
तांबूस काळा: "शिसव."
माझी मान आधीच खाजत होती.
मग पिठासारखं राखाडी काहीतरी, न संपणारं.
"हे काय?"
"एमडीएफ. शरणपूर रोडचं किचन."
"मग हे लाकूड नाही," म्हणाले,
आणि तोंड फिरवून बराच वेळ खोकले.

पिंपातला भुसा गांगुर्डे मागतो, कोंबड्यांखाली घालायला.
त्याला फक्त आंब्याचा देते.
राखाडी वेगळ्या पिशवीत, दोन गाठी मारून.
त्याला वाटतं, मॅडम चिकट आहेत.

"किती वर्षं जातं हे?" मिस्त्रींनी विचारलं.
"नीट ठेवलं तर सहा-सात."
"आणि मग?"
"मग नवीन. अंबडला मिळतं, याच मापाचं."
त्यांनी मान डोलावली.
हातानं फिल्टरची कड पुसली,
पुसायची काही गरज नव्हती.

शेवटची परीक्षा अंधारात.
शटर ओढलं, फिल्टरच्या पोटात बल्ब सोडला.
सगळा कागद मंद पिवळा,
आणि त्या शांततेत मिस्त्रींचा श्वास ऐकू आला:
बारीक, वर चढलेला.
तो कळायला नळी लागली नाही,
मलासुद्धा.

मी वरून खाली निऱ्या बघत गेले. काही नाही.
पुन्हा बघितल्या.
"खालून तिसरी," ते म्हणाले.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे,
आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक.

सिलिकॉनची ट्यूब कुठल्या खणात ठेवली, आठवेना.
मी शोधत होते, खण उघडत, लावत,
आणि ते तिथंच उकिडवे बसून होते,
भोकासमोर बोट धरून,
जागा हरवू नये म्हणून.
नखावर
मोहरीएवढा उजेड.